आमची वाटचाल : डबा उघडेपर्यंत ब्रेड कोरडा राहावा म्हणून

कामाच्या गडबडीत ज्यांना जेवायला बाहेर पडण्याची सवड मिळत नाही, त्यांच्या टेबलावर चिकन सॅलड सँडविच पोहोचवावे, एवढ्याच विचाराने आम्ही दोघांनी घरच्या स्वयंपाकघरात हा व्यवसाय सुरू केला. शिजवलेले चिकन, मेयोनीज, थोडी सेलरी (कुरकुरीत देठांची एक भाजी) आणि ब्रेडच्या दोन स्लाइस. यात चुकण्यासारखे काय असणार, असे तेव्हा वाटत होते. पहिल्याच आठवड्यात एका ग्राहकाने अर्धे सँडविच परत पाठवले. खालची स्लाइस ओली होऊन कागदाला चिकटली होती आणि उचलताच मधोमध फाटली. सकाळी 7 वाजता भरलेले सँडविच दुपारी 1 वाजता कसे असेल, हे आम्ही एकदाही तपासून पाहिले नव्हते.

त्यानंतर कित्येक महिने हे पाणी येते कुठून, या एकाच प्रश्नाचा आम्ही पिच्छा पुरवला. गरम चिकनमध्ये मेयोनीज घातले की ते फुटून तेल सोडते; चिरलेल्या सेलरीला मीठ लागले की तिला पाणी सुटू लागते; आणि धुतलेले लेट्यूस वरून कोरडे दिसले तरी त्याच्या घड्यांत पाणी दडून राहते. आता आम्ही चिकन ब्रेस्ट मंद आचेवर, पाणी खळखळू न देता शिजवतो, कारण जोराच्या उकळीने मांसाचे धागे आवळतात आणि त्यातला रस निघून जातो. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी थर्मामीटरवर 74 अंश सेल्सिअस दिसल्याखेरीज भांडे उतरत नाही. कोमट असतानाच चिकन मोकळे करून उथळ ट्रेमध्ये पसरतो, लगेच फ्रीजमध्ये ठेवतो आणि पूर्ण गार झाल्यावरच त्यात मेयोनीज, मोहरीची पेस्ट व लिंबाचा रस मिसळतो. सेलरी अगदी शेवटी पडते. ब्रेडला आतून कडेपर्यंत मऊ लोणी लावले जाते. एखादा कोपरा सुटला तरी ओल तिथूनच शिरते, म्हणून हे काम नव्या माणसाच्या हाती आम्ही पहिल्या दिवशी देत नाही.

मेयोनीजमुळे सँडविच खराब होते, असे अनेकांना वाटते. बाजारात मिळणारे मेयोनीज आंबट असल्यामुळे त्यात जंतू सहजासहजी वाढत नाहीत. खरी काळजी घ्यावी लागते ती शिजवलेल्या चिकनची. म्हणूनच सॅलड 4 अंशांच्या आसपास ठेवले, तर 3 दिवस चांगले राहत असले, तरी आम्ही ते रोज ताजेच करतो आणि 2 तासांहून अधिक काळ फ्रीजबाहेर राहिलेला माल विकत नाही. असा माल टाकून देताना आजही जीव तुटतो.

पुढे माणसे वाढली, वेगळी जागा घेतली. व्यवसायाला खरे वळण मात्र एका साध्या बदलाने मिळाले. ज्यांच्या कार्यालयात फ्रीज आहे, त्यांना आम्ही सॅलड बंद डब्यात, लेट्यूस कोरड्या कागदात आणि लोणी लावलेल्या स्लाइस वेगळ्या देऊ लागलो. भरून खायला 2 मिनिटे पुरतात. डब्याच्या झाकणावर आम्ही एकच सूचना छापतो : आधी लेट्यूस ठेवा, सॅलड त्यावर घाला.