गुण कुणाचा, साखरेचा की रंगाचा?

नाशिकच्या सातपूरला आमच्या लॅबमध्ये तपासायला सीवीड (समुद्री शेवाळाचं खत) येतं ते बहुतेक द्राक्षबागांचं: काळा द्रव, पोटॅश किती ते सांगायचं, संपलं. गेल्या महिन्यात मात्र फ्युकॉइडनची, म्हणजे तपकिरी शेवाळातल्या सल्फेटवाल्या साखरेच्या साखळीची पावडर आली, सरगॅसम या शेवाळापासून काढलेली. सोबत दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट, डीपीपीएच चाचणीत (या रसायनाचा जांभळा रंग किती उडतो ते मोजतात) जोरदार अँटिऑक्सिडंट. पार्टीला तोच आकडा आमच्या लेटरहेडवर हवा होता.

डबी उघडताच शंका आली. शुद्ध फ्युकॉइडन पांढरट, फार तर बिस्किटी असतं. ही पावडर चहापत्तीच्या रंगाची.

डीपीपीएच मिथेनॉलमध्ये असतं आणि फ्युकॉइडनसारखं पॉलिसॅकराइड (साखरेची लांब साखळी) अल्कोहोलमध्ये साकळतं. क्युवेट (मोजायची छोटी नळी) गढूळ होते, ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग फुगतं, रोध, म्हणजे रंग किती टक्के उडाला तो आकडा, कमी दिसतो. म्हणून सेंट्रिफ्यूज करून, सॅम्पलचा स्वतंत्र ब्लँक (डीपीपीएचशिवाय) लावून मोजलं. आकडा उलट वाढलाच!

मग १० ग्रॅम पावडर १०० मिली ८५ टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर ढवळत ठेवली. सकाळी वर कोरा चहा. त्याचे चार थेंब डीपीपीएचमध्ये टाकले, तर जांभळा रंग बघता बघता पिवळा पडला. तीनदा धुतलेल्या पावडरीचा रोध निम्म्याच्याही खाली आला. म्हणजे बरंचसं काम फ्लोरोटॅनिनचं, शेवाळातल्या रंगीत फिनॉलांचं होतं, नाव साखरेचं.

साखर मोजण्यातही तीच गत. जुन्या रिपोर्टात फिनॉल-सल्फ्युरिक या साखर मोजायच्या चाचणीला ग्लुकोजचं स्टँडर्ड लावून ४९० नॅनोमीटरवर मोजलेलं. फ्युकॉइडनमधली मुख्य साखर फ्युकोज, तिचा रंग ४८० च्या आसपास चढतो, स्टँडर्डही फ्युकोजचंच हवं. आणि आम्ल ५ मिली सरळ द्रवावर, झटकन. नळीच्या कडेने हळूहळू सोडलं की उष्णता कमी पडते नि रंग फिका येतो. हे शिकवूनही मुलं कडेनेच सोडतात. डिस्टिल्ड संपलं म्हणून एकाने पावडर बोअरच्या पाण्यात विरघळवली. त्यातल्या कॅल्शियमने अल्जिनेट (तपकिरी शेवाळातलीच दुसरी साखळी) साकळून फिल्टरवर शेंबडासारखा थर बसला. चिडलो, पण त्यामुळे पावडरीत अल्जिनेट आहे हे फुकटात कळलं. मग २ टक्के कॅल्शियम क्लोराइडने ते रीतसर खाली बसवलं. सल्फेटच्या बेरियम चाचणीला मात्र बोअरचं पाणी अजिबात चालत नाही, त्यात स्वतःचंच सल्फेट असतं.

अडलंय ते पुढे. धुतलेल्या पावडरीलाही फोलिन या फिनॉल दाखवणाऱ्या रसायनाने निळी झाक आलीच. काही फ्लोरोटॅनिन साखळीला चिकटलेलेच राहतात. मग उरलेला रोध सल्फेटवाल्या साखळीचा की त्यांचा? पीव्हीपीपी हे न विरघळणारं पॉलिमर फिनॉल धरून ठेवतं, त्यावरून गाळून बघायचंय. पावडर जेमतेम दोन ग्रॅम उरलीय आणि पार्टीचा रोज फोन, 'आकडा झाला का?'