कागदी जहाजाचा तळ आणि मुंबईची हवा

डोलकाठ्या, क्रेन, कठडे असे बारीक भाग सगळ्यात अवघड, असं छापील भाग कापून, चिकटवून जहाजाची प्रतिकृती करायच्या संचाची पानं पाहून वाटतं. पण कागदी जहाज बिघडतं ते तळाच्या पाटीत. ती किंचित पिळली की डेक पिळतो, आणि मग बाजूच्या पट्ट्या मागच्या टोकाला जुळत नाहीत. पावसाळ्यातल्या मुंबईत हा धोका अधिक, कारण दमट हवेने कागद फुगतो.

आधी प्रिंट. दुकानात पीडीएफ देताना ‘ॲक्चुअल साइज’ असं आवर्जून सांगा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर भाग थोडे लहान होतात, आतल्या सांगाड्याचा पुठ्ठा मात्र तेवढाच जाड राहतो आणि भाग एकमेकांत बसवायच्या खाचा अडतात. छापलेली मोजपट्टी स्टीलच्या पट्टीने ताडून बघा. १०० मिमी म्हणजे १०० मिमीच भरायला हवेत. जर्मन संच बहुधा १:२५० प्रमाणात असतात, पोलिश बऱ्याचदा १:२००. १:२५०चं जहाज १:४००मध्ये हवं असेल तर ६२.५ टक्क्यांवर छापा, आणि सांगाड्याला १ मिमीऐवजी साधारण ०.६ मिमी पुठ्ठा घ्या. हे दुसरं हमखास विसरतं.

कागद मॅट, १६० ते १७० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). चकचकीत आर्ट कार्ड नको. घडीवर त्याचा थर फुटतो आणि गोंद धरत नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद घेताना ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, विचारून घ्या, किंवा हलकेच वाकवून बघा: ज्या बाजूने सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेत ग्रेन. दमट हवेत कागद मुख्यतः ग्रेनला आडवा वाढतो. म्हणून बाजूच्या पट्टीचा ग्रेन लांबीच्या दिशेने ठेवा, म्हणजे ती लांबीत फारशी वाढणार नाही. मग नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, ती वळायला जरा कुरकुरते. तेवढा भाग आधीच पेन्सिलीवर गोल करून घ्यावा.

आता तळ आणि सांगाडा. छापील आकृती पुठ्ठ्यावर चिकटवायला पांढरा गोंद वापरला तर त्यातलं पाणी एकाच बाजूने शिरतं आणि पुठ्ठा वाटीसारखा वळतो. फेविबाँडसारखा रबरी गोंद पातळ पसरून लावा. पांढराच वापरायचा असेल तर पुठ्ठ्याच्या मागेही तेवढाच कागद चिकटवा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. काचेवर ठेवून वर जड पुस्तकं. उन्हाळ्यात एक रात्र, जुलैत दोन दिवस. खाचा नव्या पात्याने कापा, दोनतीन हलक्या फिरवण्यांत. एकदाच जोर दिला की कड चेपते. ११ नंबरचं सर्जिकल पातं आणि ३ नंबरची मूठ यासाठी उत्तम.

मधला कणा आणि आडव्या फासळ्या गोंदाविना जुळवून बघा. डेक वर ठेवल्यावर कुठे उचलला जात असेल तर ती फासळी पॉलिश पेपरने घासा, दाबून बसवू नका. डेक चिकटला की बाजू नाळेपासून सुरू करा: तीनचार सेंटीमीटर डावीकडे, मग तेवढंच उजवीकडे. एक बाजू पूर्ण करून दुसरीला हात घातला तर सांगाडा ओढला जातो.

गोंद फक्त डेकच्या आणि तळाच्या कडेला. फासळ्यांच्या कडांना अजिबात नाही! तिथे लावलेला गोंद वाळताना आकसतो, कागद आत खेचतो आणि जहाजाच्या बरगड्या बाहेरून मोजता येतात. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम चांगलं होतं.

कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधी रंगवा. नंतर ब्रश पोचत नाही. इंकजेटची शाई पांढऱ्या गोंदाने पसरू शकते, त्यामुळे पानांवर आधी मॅट ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात द्या. पण पावसाच्या दिवशी नाही, पांढुरकी झाक येते. लेसर प्रिंटचा टोनर घडीवर तडकतो, तिथे रंगीत पेन्सिल फिरवली की पुरे. २ मिमीपेक्षा बारीक डोलकाठी कागदाची वळत बसू नका, तार घ्या.

गव्हाच्या पिठाची खळ मात्र कुठेच नको. तिच्यावर कसर आणि झुरळं येतात, आणि खळीबरोबर कागदही खातात. जहाज काचेच्या बंद पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जून ते सप्टेंबर त्या अधूनमधून बदला.