समुपदेशनाच्या एका तासाचा हिशेब

संस्थेचं ऑडिट दरवर्षी चोख व्हायचं, धर्मादाय आयुक्तांकडे कागद वेळेवर जायचे; पण समुपदेशनाच्या एका सत्राला खर्च किती येतो, हे कुणीच कधी काढलं नव्हतं. नाशिकमधली ही छोटी संस्था. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांसारखे गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी (आम्ही त्यांना शुभार्थी म्हणतो) दिवसा येऊन थांबायचं डे केअर, घरच्यांसाठी स्वमदत गट आणि सर्वांना खुलं समुपदेशन. मी नोकरीभर सातपूरच्या कारखान्यात कॉस्टिंग, म्हणजे कशाला किती खर्च येतो याचा हिशेब, केलेलं. निवृत्तीनंतर विश्वस्तांनी विचारलं, पुढच्या पाच वर्षांचा आर्थिक आराखडा करून द्याल का? मी म्हटलं, आधी तो एक आकडा काढू.

समुपदेशक आठ तास कामावर असली तरी आठ सत्रं घेऊ शकत नाही. चार, फार तर पाच. बाकीचा वेळ नोंदी, घरच्यांचे फोन, औषधं अचानक बंद केलेल्या मुलाबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं आणि सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी व्यक्तीचं मार्गदर्शन घेणं, यांत जातो. शिवाय वेळ घेतलेले काही जण येतच नाहीत. जागा एका हितचिंतकांनी बिनभाड्याने दिलेली, तरी मी तिचं बाजारभावाने भाडं धरलं, कारण उद्या दुसरीकडे काम वाढवायचं तर जागा फुकट थोडीच मिळणार? सगळं धरून सत्राचा खर्च साडेसातशेच्या आसपास निघाला. संस्था 100 रुपये घेत होती.

सुरुवातीपासून काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, फी वाढवली तर गरीब माणूस दारातूनच परत जाईल." त्यांची भीती खरी होती. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांमध्ये 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना असल्याचं दिसलं होतं. त्यात आपण आणखी अडथळा कशाला घालायचा?

एका विश्वस्तांनी रेशन कार्डाच्या रंगावर फी ठरवायचं सुचवलं. हा मार्ग मला पटला नाही. वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न गेलं की पांढरं कार्ड. म्हणजे साध्या कारकुनाचं घरही पांढऱ्यात. त्यात घरात दीर्घ आजार असेल तर मिळवतं माणूसच घरी बसलेलं असतं, कार्डावर ते कुठे दिसतं? आणि मुलाचा आजार पहिल्यांदाच बोलून दाखवायला आलेल्या आईकडे उत्पन्नाचा दाखला मागायचा, हे मला सहनच होईना. बऱ्याच चर्चेनंतर तीन दर ठरले: 900, 400 आणि 50. कुटुंबाने स्वतः निवडायचा, पुरावा काही नाही. प्रत्येक दराला समुपदेशक तीच, वेळ तेवढाच, आणि नेमका खर्च किती येतो तो आकडा त्याच तक्त्यावर छापलेला. वरचा दर निवडणारे आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाले. ताईंनी स्वतःहून दर महिन्याला 50 च्या रांगेतल्यांची संख्या तपासायला घेतली. ती घटली नाही.

डे केअरचं गणित मात्र कधीच जुळणार नव्हतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतात. ज्या रोजच्या आधारामुळे माणूस दाखल होण्यापासून वाचतो, त्याला पैसा नाही. म्हणून आराखड्यात स्पष्ट लिहिलं: डे केअर तोट्यात चालणार आणि तो चालवायचाच. तुटीचा आकडा देणगीदारांसमोर जसाच्या तसा ठेवायचा.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीच्या, बैठकीत वेगळीच अडचण आली. कंपनीचे अधिकारी म्हणाले, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. खरं तर ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. संस्थेच्या खर्चाला नाही. 2021 मध्ये नियम बदलले तेव्हा मंत्रालयाने तसा खुलासाही केला. मी तो छापून नेला. सुपरवायझरचा पगार आणि हिशेबनीसाचं मानधन प्रकल्पाच्या खर्चात बसलं. अशा संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने तो खुलासा जवळ ठेवावा. सुपरव्हिजनला पैसे नसले की समुपदेशक थकतात, सोडून जातात, आणि नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

फी घेतली तर करसवलत जाईल, अशी विश्वस्तांना धास्ती होती. व्यावसायिक उत्पन्नावरची 20 टक्क्यांची मर्यादा करकायद्यात 'इतर सार्वजनिक उपयोग' या गटात येणाऱ्या कामांना लागते, वैद्यकीय मदतीला नाही, हे सीएंनी समजावलं. अंबडच्या कंपन्यांमध्ये आम्ही पैसे घेऊन कार्यशाळा घेतो, त्यांचे हिशेब मात्र वेगळे ठेवले. त्यातली शिल्लक डे केअरला जाते.

मग शेजारच्या तालुक्यातून आमंत्रण आलं: जागा देतो, केंद्र काढा. विश्वस्त हरखले. मी पगारांचा तक्ता समोर ठेवला. तिसऱ्या वर्षी पैसे कुठून येणार, याचं उत्तर त्यात नव्हतं. त्याऐवजी गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेचं काम अभ्यासलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करता येते, हे त्यांनी दाखवलंय. आता त्या तालुक्यातल्या काही महिला आमच्याकडे शिकतात. त्यांच्या सुपरव्हिजनचे तास आधी अंदाजपत्रकात धरले, मगच काम सुरू केलं. गंभीर आजार दिसला तर शुभार्थीला तज्ज्ञांकडे पाठवतात, आणि रात्री-अपरात्री मदत लागली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक देतात.

राखीव निधी सध्या चार महिन्यांच्या पगारांना पुरेल एवढा झालाय. मला सहा हवेत. पण पुढच्या बैठकीत त्याआधी समुपदेशकांच्या पगारवाढीचा ठराव मांडणार आहे. ताईंनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय.