'कॉन्ट्रा' गेमवरचा लेख भूकंपाच्या आधीचा की नंतरचा? सोलापुरातली एक मुलाखत

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की रात्री सोलापूर. मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी हीच गाडी सोयीची, कारण झोप होते आणि दुसरी सकाळ पूर्ण हाताशी राहते. मुलाखत सकाळीच घ्यावी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज न्याहारीनंतरच्या दोन तासांत सगळ्यांत मोकळा असतो. शिवाय सोलापुरात ऊन चढलं की पंखा लावावाच लागतो, आणि पंख्याची घरघर मागाहून काढता काढता शब्दांच्या कडाही निघून जातात. थंडीत जा. एप्रिल-मे टाळाच.

ज्यांना भेटायचं होतं ते निवृत्त चित्रकला शिक्षक. नव्वदच्या दशकात एका स्थानिक साप्ताहिकात ते टीव्ही गेमवर सदर लिहायचे. त्यांनी मजकूर वाचून होकार दिला की मुलाखत नावासकट येईल. तोवर इथे ते 'सर'. गल्लीही त्यांना सरच म्हणते.

जुन्या खेळांवर लिहिणाऱ्यांचा इतिहास म्हटलं की सगळे अमेरिकेपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरही आहे. बिल कंकेल आणि आर्नी कॅट्झ यांनी १९७९ मध्ये 'व्हिडिओ' या मासिकात 'आर्केड अ‍ॅली' हे सदर सुरू केलं. १९८१ च्या हिवाळ्यात जॉइस वर्ली यांच्यासह त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' काढलं. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' आलं, आणि जपानात १९८६ मध्ये 'फामित्सू'. कंकेल २०११ मध्ये गेले, पण त्याआधी त्यांना लोकांनी भरपूर विचारून घेतलं होतं. आपल्याकडे मराठीत, जिल्ह्याच्या गावातल्या साप्ताहिकांत ज्यांनी लिहिलं त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यांचं लेखन रद्दीत गेलं किंवा एखाद्या वहीत चिकटून राहिलं. सरांची वही शिल्लक आहे.

घर पूर्व भागात. हा सोलापूरचा विणकरांचा भाग. दारात तेलुगू, बाजारात मराठी, आणि दोन्हींत मधूनच कानडीचा हेल. सकाळी रिक्षातून उतरलं की पहिल्यांदा ऐकू येतो तो यंत्रमाग. चादरी आणि टॉवेल विणणारे कारखाने घरांना लागूनच असतात. ध्वनिमुद्रणाला याची फार अडचण होते. पंख्याची घरघर एकसुरी असल्यामुळे सॉफ्टवेअर ती ओळखून थोडीफार तरी कमी करतं. मागात इकडून तिकडे आपटणाऱ्या धोट्याचा टोला मात्र क्षणिक असतो, आणि त्यात खर्जापासून चिरक्यापर्यंत सगळे स्वर एकदम असतात. तो बोलण्यावर पडला की बोलण्यापासून वेगळा काढता येत नाही. यावर उपाय एकच, शेजारच्या कारखान्याच्या सुट्टीचा वार आधी विचारून तोच दिवस ठरवायचा. सरांनी तो आपणहून सांगितला होता. तरीही छोटा माइक सदऱ्याला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट तेवढाच राहतो. मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट ठेवावं आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघावं. दुसरं यंत्र टेबलावर स्वतंत्र चालू ठेवावं. शेवटी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती खोली मुद्रित करावी. दोन तुकडे जोडताना ती शांतता लागते.

आता टीव्ही. जुन्या खेळांच्या मुलाखतीत लोक सगळ्यांत आधी विचारतात, 'तुमचा आवडता खेळ कोणता?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं आणि गप्पा तिथेच थांबतात. समोर यंत्र चालू असलं आणि हातात रिमोट असला की बोटांना जे आठवतं ते तोंडावाटे यायला लागतं. (कंट्रोलरला 'रिमोट' आणि कार्ट्रिजला 'कॅसेट' हे आपल्याकडचे खरे शब्द. मुलाखतीत तेच वापरावेत, नाहीतर समोरचा माणूस आपलं बोलणं दुरुस्त करत बसतो.) सरांचा १४ इंची रंगीत टीव्ही माळ्यावर होता, कित्येक वर्षं बंद. असा टीव्ही थेट भिंतीतल्या प्लगला लावू नये. आदल्या दिवशी खाली उतरवून, धूळ झटकून, रात्रभर कोरड्या खोलीत राहू द्यावा. मग मेकॅनिक वापरतात तो सिरीज बोर्ड घ्यावा, म्हणजे टीव्हीच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा बल्ब. चालू करताच बल्ब लख्ख पेटून क्षणात मंद झाला तर ठीक, कारण तो झटका ट्यूबभोवतीच्या, तिचं चुंबकत्व काढणाऱ्या डिगॉसिंग कॉइलचा असतो. तसाच लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब मंद होऊनही टीव्ही सुरू होत नसेल तर कधी कधी दोष बल्बचाच असतो. वीज कमी पडते, मग २०० वॅटचा लावून बघावा. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही विजेचा भार राहतो.

सरांचा टीव्ही दुसऱ्या प्रयत्नात लागला. चित्र सुरुवातीला काळपट होतं, दहा मिनिटांत उजळलं.

गेमचं यंत्र म्हणजे त्या काळी घरोघर होता तसला निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राचा नकली अवतार, ६० पिनांच्या कॅसेटचा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली अडॅप्टर. नऊ व्होल्टचा लागतो, पण मधली पिन धन की ऋण हे यंत्रागणिक वेगळं असू शकतं. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका, उलटा लागला तर आतला ७८०५ रेग्युलेटर आणि त्यामागचं सगळंच जाऊ शकतं. दुसरी अडचण आवाजाची. अँटेनाच्या तारेने जोडलं तर चित्र येतं आणि आवाज येत नाही. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. खरं कारण असं की चीनच्या टीव्ही पद्धतीत आवाज चित्रापासून ६.५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर असतो, आपल्याकडे ५.५ वर. तिकडच्यासाठी बनलेलं यंत्र इथल्या टीव्हीला मुकं वाटतं. टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या तारांची जागा असेल तर ती वापरावी, प्रश्नच मिटतो. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा पिना गंजवतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काळा डाग राहिलाच तर पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघतो.

सरांनी हातात घेतलेली पहिली कॅसेट '९९९९ इन वन'. मेनूतली पहिली सहा नावं खरी, सातव्यापासून तेच खेळ पुन्हा, कुठे वेगळ्या स्टेजपासून, कुठे जास्त लाइफ देऊन. सदराचे दोन लेख यावरच होते. कुठल्या नावामागे कोणता खेळ आहे याचा तक्ता सरांनी हाताने आखून छापला होता. पालकांनी पैसे कशाचे दिले हे त्यांना कळावं एवढाच त्यांचा हेतू. आम्हाला ती खरी पत्रकारिता वाटते, आणि मुलाखतीत तिला सगळ्यांत जास्त जागा मिळेल.

वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. मारिओच्या प्रत्येक फोटोत मारिओ हवेत. एकातही जमिनीवर उभा नाही. आम्ही विचारलं, तर सर म्हणाले, "उडालेलाच पाहिजे की. खाली उभा केला तर छापून आल्यावर दिसतच नाही."

कारण कळायला फोटो कसा काढायचे ते समजून घ्यावं लागतं. त्या काळी पडद्याचं चित्र थेट उचलायची सोय नव्हती, टीव्हीसमोर कॅमेरा लावूनच फोटो घ्यायचा. तिपाईवर एसएलआर, खिडक्यांना चादरी, दिवे बंद, फ्लॅश अर्थातच बंद, नाहीतर काचेत फक्त तोच चमकतो. शटर एक-अष्टमांश सेकंद. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा वरून खाली चित्र रंगवतो. शटर एक-साठांश ठेवलं तर एक फेरीही पूर्ण होत नाही आणि फोटोत काळा पट्टा येतो. कापडी शटर आडवं सरकणारं असेल तर तो पट्टा तिरका पडतो. एक-अष्टमांशात सहा फेऱ्या बसतात आणि सांधा जाणवत नाही. पण तेवढ्या वेळात खेळ हलला तर सगळं पुसट, म्हणून पॉझ. मारिओ पॉझ केला की चित्र जागच्या जागी थांबतं, ही मोठी सोय. काही खेळ पॉझला पडदाच काळा करतात. तिथे एकाने खेळायचं, पात्र क्षणभर स्थिर झालं की दुसऱ्याने कॅमेऱ्याच्या शटरची केबल दाबायची. सरांच्या घरी रिमोट मुलाच्या हातात असायचा.

फिल्म कृष्णधवल, साप्ताहिकही कृष्णधवल. मारिओची लाल टोपी आणि मागच्या तपकिरी विटा दोन्ही एकाच करड्या रंगात उतरतात. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि विटांपुढचा मारिओ विटांतच विरून जातो. आकाश फिकं येतं. म्हणून उडी मारायची, आकाश पाठीशी आलं की पॉझ दाबायचा, मग क्लिक. चित्रकलेच्या शिक्षकाला हे वेगळं शिकावं लागलं नाही. आकृती गडद तर पार्श्वभूमी फिकी, एवढंच. सरांनी रिमोट घेऊन ते करून दाखवलं. अंगठा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा मारिओ बरोबर ढगाच्या शेजारी थांबला.

तारखांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. सर म्हणाले, कॉन्ट्रावरचा लेख सत्त्याऐंशीचा. १९८७ मध्ये कॉन्ट्रा आर्केडमध्ये आला होता, फॅमिकॉमवर तो १९८८ चा. सरांच्या लेखात दोन रिमोट लावून घरी खेळायच्या सूचना आहेत. अशा वेळी वाद घालू नये. साल विचारण्याऐवजी आजूबाजूचं विचारावं: सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी की नंतर? विश्वचषकाच्या आधी? आणि या भागात सगळ्यांत पक्की खूण म्हणजे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता. सोलापुरातला त्या वयाचा माणूस त्या पहाटे कुठे होता हे विसरत नाही. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नंतरचा असेल. पण नक्की नाही."

नक्की झालं ते कात्रणाच्या पाठीवरून. कापताना तारखेची कडा गेली होती. पानाखाली मोबाइलचा टॉर्च धरला, फोटो काढला आणि तो आडवा उलटवला. पाठची अक्षरं वाचता आली: भूकंपग्रस्तांसाठी कपडे आणि धान्य गोळा करण्याचं आवाहन. म्हणजे १९९३ च्या ऑक्टोबराच्या आसपास. तारीख नसलेलं कोणतंही कात्रण हाती आलं की पाठ वाचायची हे आमच्यासाठी आता ठरलेलं काम आहे.

कात्रणं चिकटवलेली आहेत खळीने. सुताला लावतात तशीच पिठाची खळ, या भागात सहज मिळणारी. खळ कागदाला सौम्य असते, पण कसरीला आवडते. कडेची चार पानं कसरीने कुरतडलेली आहेत. कात्रण सोलून काढू नका, पानच्या पान स्कॅन करा. मागे काळा कागद ठेवला की पाठची छपाई उमटत नाही. ६०० डीपीआयने स्कॅन करून मग आकार लहान करावा. कमी डीपीआयने घेतलं तर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या रेषा मिळून जाळीदार लाटा दिसतात. आमचा स्कॅनर यूएसबीवर चालणारा पातळ, आणि तसल्या स्कॅनरला काचेपासून जरा दूर गेलेला कागद स्पष्ट दिसत नाही. खळीने फुगलेली पानं कडेला धूसर येत होती. सरांच्या घरच्या काकूंनी घडी घातलेल्या दोन सोलापुरी चादरी झाकणावर ठेवल्या. वजन सगळीकडे सारखं पडलं, कडा साफ आल्या. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही टाळा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो आपणच पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि लॅमिनेट केलं की परत सोडवता येत नाही.

जेवायला कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. दुपारी काम थांबवलं. संध्याकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो, शेजारीच भुईकोट किल्ला. एवढंच शहर पाहिलं, कारण वही पूर्ण व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वा तास. एका बैठकीत याहून जास्त विचारू नये. शेवटी टीव्ही बंद केला तेव्हा काकू त्यावर घालायला चादर घेऊन आल्या. सर म्हणाले, "अर्धा तास थांब की, आतून तापलेलाय." त्या चादर हातावर घेऊन तिथेच खुर्चीवर बसल्या.