दहा जणांची बोट

शनिवार, रात्री उशिरा

विकत घ्यायला म्हणून दोन पाँटून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटी, बघून आलो, एक वीसफुटी आणि एक सोळाफुटी. आणि डोक्यात घोळतंय ते धाकट्याचं वाक्य. विकणारा कौतुकाने सांगत होता, वीसफुटीत दहा जण आरामात बसतात, क्षमतेच्या पाटीवरही तसंच लिहिलंय. तर मागच्या सोफ्यावर पसरलेला हा म्हणतो, "पण आई, आपण तर चौघंच असतो ना?"

त्याने सहज विचारलं. मला मात्र पुढे काही बोलायला सुचेना.

मी मनात सगळ्यांना बसवूनही टाकलं होतं. पुढच्या बाकांवर दादा-वहिनी आणि मुली, कापडी छताखाली आई, तिच्याशेजारी मावशी. दादाचं याही वर्षी जमलं नाही. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाला. मावशीचं तर आता... असो. इथे मिनेसोटात तळ्यांची कमी नाही, दहा हजारांच्या वर आहेत, पण बोटीचे दिवस मेपासून सप्टेंबरपर्यंतच. त्यातच इकडच्यांच्या सुट्ट्या, तिकडच्यांचे व्हिसा आणि तिकिटांचे भाव जुळून यायचे. मग दहा जागा कोणासाठी घ्यायच्या? आणि सोळाफुटी घेतली तर कोणी येणार नाही हे आपणच ठरवून टाकल्यासारखं नाही का होत?

नवऱ्याच्या मते हा प्रश्न बोटीचा नाहीच. त्याला वीसफुटीचं पन्नास हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आवडलंय. सोळाफुटीचं पंचवीसचं आहे. वाकोनियाच्या तळ्यात वारा सुटला की लहान बोट हळू जाणार, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण वीसफुटीत दाराजवळच्या गालिच्यावर मी टाच दाबून पाहिली, तर लाकूड खाली दबलं. गालिच्याची कड उचलली तर कुबट वास, प्लायवूड काळं पडलेलं आणि पिनांना लाल गंज. खालचे अॅल्युमिनियमचे नळे कितीही शाबूत असोत, वरचा लाकडी तळ कुजला असेल तर सोफे, कठडा सगळं उचकटून नवा घालावा लागतो. विकणारा म्हणे, "एवढं चालतं." दारातच पाय ठेवायचा असतो, तिथे कसं चालेल?

संध्याकाळी आईला फोन केला. दोन्हींचे फोटो पाठवले होते. तिने सोफे पाहिले नाहीत, इंजिनाचं विचारलं नाही. म्हणाली, "चढायला पायरी आहे का गं? आणि लघवीला लागलं तर?"

आई दाभोळची. लहानपणी तरीतून खाडी ओलांडताना गुडघाभर पाण्यात उतरायची, परकर खोचून. आता तिला घराचा उंबरा ओलांडायलाही दाराची चौकट धरावी लागते. तिने विचारलं आणि मला एकदम हलकं वाटलं. येणार की नाही, यावर ती बोललीच नाही. आल्यावर काय लागेल, तेवढंच तिने विचारलं.

पाँटूनचं हेच तर चांगलं आहे. तळ सपाट, कठड्याला दार, धक्क्याला नीट लावली की जवळजवळ घरातल्या घरात पाऊल टाकल्यासारखं आत येता येतं. पहिली पाँटून इथल्याच रिचमंड गावच्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५२ मध्ये बांधली, पोलादी पिंपांवर लाकडी फळ्या टाकून. मला वाटतं, वेगाची हौस नसलेल्या माणसांचाच विचार त्यात आहे.

शौचालय दोन्हींत नाही. तास-दीड तासाने काठाला लागायचं, त्यात काय एवढं. चौघं असलो तर चौघं, आई आली की पाच. सोळाफुटीवर सात चालतात. दादा सगळ्यांना घेऊन आला तर दोन फेऱ्या करू. काठावर थांबणाऱ्यांनी शेगडी पेटवून कणसं भाजावीत.

सोळाफुटीच घ्यायची. सीझन संपत आलाय, भावात घासाघीस करायला जागा आहे. हिवाळ्यात ठेवायचं भाडं मात्र आपल्याच माथी, ते धरून बोलायचं. नवऱ्याला सकाळी सांगणार आहे की पाण्यात उतरवून, अर्धा तास चालवून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बोट एका बाजूला कलली, तर त्या बाजूच्या नळ्यात पाणी शिरलंय असं समजायचं. आणि धक्क्याला लावल्यावर दाराच्या उंबऱ्यापर्यंत किती उंची राहते, ते मी स्वतः टेप लावून मोजणार. आईला तो आकडा कळवायचाय.