एक थर की दोन? रामन यंत्रासमोरची माझी पंचाईत

मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा. मधे मोलिब्डेनम, वर-खाली गंधक. थर एकटा असेल तर हा अर्धवाहक लेझरखाली चांगला उजळतो. दोन झाले की तेज एकदम उतरतं. त्यामुळे आमच्या कामात पहिला प्रश्न ठरलेला असतो: थर किती? सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या वेफरवरच्या (थर ज्यावर बसतो त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या) झाकेवरून अंदाज येतो, पण "सर, एकच वाटतोय" म्हणून भागत नाही. एएफएमने, म्हणजे पृष्ठभागावर बारीक सुई फिरवणाऱ्या यंत्राने, जाडी मोजायला जावं, तर वेफर आणि थर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा अडकलेला असतो आणि आकडा फुगतो. मग उरतं रामन, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा रंग तपासणं.

हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा लेझर नमुन्यावर टाकायचा. परत येणारा बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो, पण त्यातला अगदी किंचित भाग अणूंच्या कंपनांना ऊर्जा देऊन लाल बाजूला सरकतो. किती सरकला, ते 'प्रति सेंमी' या एककात मोजतात. आलेखात त्याचे उंचवटे, म्हणजे पीक्स, दिसतात. आमच्या कामाची पीक्स दोन. एक ३८४ च्या आसपास. यात मोलिब्डेनम आणि गंधक थराच्या पातळीतच एकमेकांविरुद्ध हलतात. दुसरं ४०३ च्या आसपास. यात वरचे-खालचे गंधक उभे हलतात. थर वाढले की पहिलं खाली घसरतं, दुसरं वर चढतं. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे मांडलं आणि तेव्हापासून सगळे या दोघांमधलं अंतरच बघतात: एका थराला १८-१९, दोन थरांना २१-२२, जाड स्फटिकाला २५ च्या घरात.

म्हणजे सगळा खेळ तीन एककांचा. यंत्राची ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेषांची पट्टी) मिलिमीटरला ६०० रेषांची लावली तर एवढा फरक नीट सुटत नाही. १८०० ची मागून घ्यावी. ऑपरेटर दादांनी पहिल्याच स्लॉटला बजावलं होतं, "आधी ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर भूत दिसेल." ते भूत मी मुद्दाम दिवा लावून पाहिलं. ४८५ च्या जवळ एक सुईसारखी रेषा येते. ती नमुन्याची नव्हेच, ट्यूबमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची. खालच्या सिलिकॉनचं ५२०.५ चं पीक मात्र प्रत्येक आलेखात फुकट मिळतं. ते जागेवर आहे का हे पाहिल्याशिवाय मी बाकीचे आकडे वहीत घेत नाही. लेझर मिलिवॉटच्या बराच खाली ठेवायचा. जास्त दिला तर थर तापतो, दोन्ही पीक्स खाली सरकतात, आणि फारच दिला तर नमुन्याला भोक.

स्फटिकावरून चिकटपट्टीने सोललेल्या नमुन्यांवर हे सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं जुळलं. पंचाईत झाली ती भट्टीत वाढवलेल्या त्रिकोणांवर. मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड आणि गंधकाची पूड, सातशे-आठशे अंश तापमान, आणि वेफरवर सुरेख धारदार त्रिकोण. रंग एका थराचा. रामनचं अंतर मात्र २०.५ च्या आसपास. ना एकाचं, ना दोनाचं! लॅबमधल्या सीनियर ताईचं मत, दोन थर. सरांचं मत, "आकडा बघू नकोस, कुठलं पीक हललंय ते बघ."

ते बघितल्यावर गाठ सुटायला लागली. उभ्या कंपनाचं पीक जवळपास जागेवर होतं. पातळीतलं पीक खाली आलं होतं. जास्तीचे इलेक्ट्रॉन आले असते तर उलट घडलं असतं: उभ्या कंपनाचं पीक खाली येतं आणि पातळीतलं फारसं ढळत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) प्रा. अजय सूद यांच्या गटाने २०१२ मध्ये ट्रान्झिस्टरवर हे मोजलं आहे. पातळीतलं कंपन हळवं असतं ते ताणाला. भट्टी थंड होताना मोलिब्डेनम डायसल्फाइडला वेफरवरच्या सिलिकॉन ऑक्साइडच्या थरापेक्षा जास्त आकसायचं असतं, पण ते खाली चिकटलेलं. त्यामुळे कायम ओढलेलं राहतं, धुतलेला कपडा घट्ट चिमट्यांत वाळावा तसं.

पुरावा दोन बाजूंनी घेतला. त्याच जागेवर प्रकाशदीप्ती, म्हणजे लेझरखाली नमुना स्वतः किती उजळतो ते, मोजली. एका थराला साजेशी दणदणीत, फक्त थोडी लाल बाजूला झुकलेली. मग पॉलिमरचा लेप देऊन त्रिकोण उचलून दुसऱ्या वेफरवर बसवले. हे किचकट काम आहे, लेप उचलताना बरेच त्रिकोण फाटतात, पण जे टिकले त्यांचं पातळीतलं पीक वर सरकलं आणि अंतर १९ च्या आत आलं. थर एकच होता, ताणलेला. तिसरा मार्गही आहे: दोन थर एकमेकांवर घसरतात त्या कंपनाचं पीक २३ च्या जवळ येतं, एका थराला ते असूच शकत नाही. पण लेझरच्या स्वतःच्या रंगाच्या इतक्या जवळ पाहायला खास फिल्टर लागतात, ते आमच्या यंत्रावर नाहीत.

आता अंतराबरोबर दोन्ही पीक्सच्या जागा वेगवेगळ्या लिहितो. सध्या काम टंग्स्टन डायसेलेनाइड या तशाच थरांच्या पदार्थावर आहे, आणि तिथे ही युक्ती चालतच नाही. दोन्ही पीक्स २५० पाशी एकमेकांवर बसलेली. तिथे ३०९ च्या जवळ बारीकसा उंचवटा शोधायचा. दोन किंवा जास्त थर असतील तरच तो येतो. एकच थर असेल, तर जे दिसत नाही त्यावरून निष्कर्ष काढायचा, आणि त्यासाठी एक्सपोजर चांगलं लांब ठेवावं लागतं.