बेडकं कायले मोजता जी?

मृग लागला, मी गमबूट चढवले आणि कपाळाला टॉर्च बांधला की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या चहाच्या टपरीवर प्रश्न ठरलेला: "बेडकं कायले मोजता जी, भाऊ?" वाघ मोजणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. असो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मोजणं म्हणजे निम्मं ऐकणंच. पहिला दमदार पाऊस पडला की रात्री बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, धुऱ्यावर (बांधावर) टॉर्च विझवून दहा मिनिटं गप्प बसायचं आणि आवाज ओळखून वहीत टिपायचे. मोठ्या बेडकाचे, म्हणजे बुलफ्रॉगचे नर या दिवसांत हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळेधमक होतात, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. मग टॉर्च लावायचा. बेडकांचे डोळे चमकतात. कोळ्यांचेही चमकतात. पहिल्या वर्षी माझ्या वहीत बेडकांपेक्षा कोळीच जास्त भरले असावेत. हातात धरायचाच तर हात ओला हवा आणि डासांचं मलम लावलेला नको, कारण बेडूक कातडीनंही श्वास घेतो.

दिवसा जंगलात दगड, ओंडके उलटून सापसुरळ्या आणि पाली शोधतो. खाली फुरसंही असू शकतं, म्हणून हात घालायचा नाही. आकड्याने दगड आपल्याकडे उचलायचा, म्हणजे आतला जीव पलीकडे निघून जातो. आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. एकदा मी एक ओंडका उलटाच टाकून आलो. दुसऱ्या दिवशी त्याखालची पांढरी अंडी उन्हात सुरकुतलेली. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

आता मिळतं काय? माझ्यापुरतं एक कळलं. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं कौतुक मलाही आहे, पण सगळ्यात जास्त गलका ऐकू येतो तो उन्हाळ्यात ठणठणीत कोरड्या पडणाऱ्या उथळ बोडीत आणि रस्त्याकडेच्या डबक्यात. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसले तर बेडकाची पिल्लं वाचतात. अनेक जातींना महिना-सव्वा महिन्यात पाय फुटतात. पाणी तेवढं टिकलं की पुरे. आपण मात्र दिसली बोडी की खोल करतो आणि मत्स्यबीज सोडतो. मासे पाळायला माझा विरोध नाही. पण गावातलं एखादं डबकं आटू द्या, असं म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं त्याहून वाईट. कड उभी आणि गुळगुळीत, त्यामुळे आत पडलेला बेडूक, धामण, कधी घोरपड वर चढूच शकत नाही. पोहून पोहून मरते. उपाय साधा आहे. एका कोपऱ्यात पोती एकाला एक शिवून पाण्यापर्यंत सोडायची, वरचं टोक खुंटीला बांधायचं.

गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला हे पटलं. तो पोती काढायला घरात गेला, तर आतून त्याची आई कडाडली: "धान भराले बारदाना नाही, अन् बेडकाले शिडी!"

शेवटी तिनेच दोन फाटकी पोती दिली. चांगली नाही म्हणजे नाही.